मंगळवारचं गाठोडं

सोमवार, ११ नोव्हेंबर

काम अजून मिळालेलं नाही, तरी मी आज दोनदा उठून मशीन पुसून आले.

आमच्या दिघीसमोर, खाडीपलीकडे आगरदांड्याला, धक्क्याच्या वरच्या टेकडीवर कोकिळाताई नावाच्या बाईंनी एक घर चालवायला घेतलंय. मुंबईत केमो घेणाऱ्या बायका दोन डोसांच्या मधे तिथे येऊन आठ-दहा दिवस राहतात. बारा खाटा. त्यांना आठवड्यातून दोनदा चादरी, अभ्रे, टॉवेल धुऊन हवेत. मी वर्षभर इथल्या दोन लॉजच्या चादरी धुतेच आहे. मला वाटलं, यात काय मोठं?

तर ताईंनी अट सांगितली. कपड्याला वास नको. घाण वास नको हे मलाही कळतं. त्या म्हणाल्या, "चांगलाही नको, जहुराताई. साबणाचा नको, फुलाचा नको, लिंबाचा नको. औषधानं या बायकांची नाकं अशी झालीत की उशीला गुलाब लागला तर त्या रात्रभर खुर्चीत बसून काढतात."

पुढच्या मंगळवारपासून पाच आठवडे बघणार. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाठोडं पोचवायचं. जमलं तर वर्षाचा करार.

नवऱ्याला, अरमानना, मस्कतला फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघ डिसेंबरपर्यंत. नाहीच जमलं तर घराला कुलूप लाव आणि लाइबाला घेऊन इकडे ये. मी किती वर्षं एकटा राहू? अब्बा मुंब्र्याला आपाकडे राहतील." त्यांचंही चूक नाही. फोन स्पीकरवर होता हे मला ठेवताना दिसलं. अब्बा शेजारीच तांदूळ निवडत होते. त्यांना बहुतेक ऐकू गेलं नसावं, कारण निवडणं थांबलं नाही.

मला मस्कतला जायचं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बोर्लीला परेशभाईंच्या दुकानात गेले. "बिनवासाची पावडर द्या" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे मी बिनमिठाचं मीठ मागितल्यासारखं पाहिलं.

"बेन, वास वगर कोण घेणार? इथे बायका झाकण उघडून सुंघून मगच घेतात. मी तर उघड्या बाटल्याच वेगळ्या काढून ठेवल्यात."

तरी बिचाऱ्यांनी मागचा माळा धुंडाळला. निळं पाकीट, पांढरी बाटली, आणि एक 'अनसेंटेड' लिहिलेला डबा मिळाला. घरात रिठे आहेत. लाइबानं मोबाइलवर शोधून पुण्याच्या एका छोट्या कारखान्याची पावडर मागवली, पाकिटावर 'फ्रॅग्रन्स-फ्री' आहे. मी म्हटलं दोन्ही एकच की. ती म्हणाली, "अम्मी, एक नाहीये. नीट वाच." चौदा वर्षांची आहे, बोलते हेडमास्तरीण असल्यासारखी.

रविवार, १७ नोव्हेंबर

काय दिवस गेला.

जुन्या पांढऱ्या चादरीचे पाच रुमाल फाडले. पाचही वेगवेगळ्या साबणात धुतले, वाळवले, आणि उकळून घेतलेल्या काचेच्या पाच बरण्यांत घालून रात्रभर झाकून ठेवले. बरण्यांवर फक्त आकडे. सकाळी मी, लाइबा आणि माझ्याबरोबर धुण्याला असते ती नलू, तिघी हुंगायला बसलो. तिघींचं एकमत होईना. नलू कोळीवाड्यातली. म्हणाली, "भाबी, मना तर पाचात बी काय येत न्हाय. बोंबलाशिवाय दुसरा वास असतो हेच मी इसरले."

मग अब्बांना बोलावलं. माझे सासरे इसहाक एकतीस वर्षं दुबईत अत्तराच्या दुकानात होते. परत येऊन सहा वर्षं झाली. अजूनही पहाटे फजरच्या नमाजनंतर मनगटावर अत्तर आणि कानात कापसाचा फाया असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. एरवी दिवसभर ओट्यावर बसून खाडीकडे बघतात. आज बरण्या पाहिल्या आणि एकदम ताठ झाले. खुर्ची मागवली. पाणी मागवलं.

पहिली बरणी. "नकली लिंबू."

दुसरी. "चमेली. तीही मेलेली."

तिसरी उघडून त्यांनी डोळे मिटले. "यात एक वास झाकायला दुसरा वास घातलाय. वर काय लिहिलंय?"

"अनसेंटेड," लाइबा म्हणाली.

"झूठ."

चौथी रिठ्याची. रिठ्याला रिठ्याचा वास असतो हे मला आज कळलं. पाचव्या बरणीवर ते फार वेळ वाकून राहिले. तीनदा हुंगलं. "यात कुणी नाही. नुसता कापूस आहे."

पाचवी पुण्याची. लाइबा नाचली. तिनं वाचून दाखवलं की 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही एवढंच, तो दाबायला आत काहीतरी घातलेलं असू शकतं, आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' म्हणजे सुगंधी काही घातलेलंच नाही. अब्बांनी ते पाकीट न वाचता सांगितलं होतं.

धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात मशीन तीनदा रिकामी फिरवली. लॉजच्या चादरींना घालायची वासाची जांभळी बाटली नलूकडे देऊन टाकली. इस्त्रीचा फवारा, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळं बाहेर. अब्बांना थोडक्यात समजावलं की तिथल्या आजारी बायकांना साबणाचा, केमिकलचा वास सोसत नाही. ते म्हणाले, "बीमारांची खिदमत आहे. बेटा, गाठोडं मी पोचवणार."

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पहिलं गाठोडं गेलं. चोवीस चादरी, चोवीस अभ्रे, बारा टॉवेल. उन्हात कडक वाळलेले. अब्बांनी मला गाठ बांधू दिली नाही. "दुबईत मोठ्या घरी माल जायचा तेव्हा शेवटची गाठ माझी असायची. सगळी जा बाहेर." दार लावून बांधली. मग पांढरा कुर्ता, टोपी, आणि गाठोडं मांडीवर घेऊन फेरीबोटीत बसले. हातात कुणाला देईनात. मी धक्क्यावरून बोट अर्धी खाडी ओलांडेपर्यंत उभी होते.

संध्याकाळी ताईंचा फोन. वास येतोय. राही म्हणून एक मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची, तिचं नाक सगळ्यांत तिखट. ती चादर काढून नुसत्या गादीवर झोपलीय.

मी रात्रीच मशीन उघडली. ड्रमचं रबर काढून घासलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

शुक्रवारी अब्बा जुम्म्याच्या नमाजाच्या तयारीत असतात, म्हणून नलूनं गाठोडं बांधून बाराच्या फेरीनं नेलं.

ताईंचा मेसेज, जसाच्या तसा: "काही नाही. अजिबात काही नाही. राही दुपारी दोन तास झोपली."

मशीनचं रबरच होतं. मी आणि लाइबानं ओट्यावर आइसक्रीम खाल्लं. अब्बांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "झोपली? खरंच? मंगळवारी मी जाईन."

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पुन्हा वास. राहीला उलटी झाली.

रबर नव्हतं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज पुन्हा काही नाही. शुक्रवारी काही नाही, मंगळवारी वास. दोन मंगळवार, दोन शुक्रवार. हे उगाच होत नाही. मी अंगणात फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीला उत्तर सापडलं.

पाणी. सोमवारी आम्ही विहिरीचं पाणी वापरतो, मंगळवारच्या चादरी त्यात धुतल्या जातात. गुरुवारी नळाला पाणी येतं, शुक्रवारच्या चादरी नळाच्या पाण्यात. इतकं साधं. लाइबा म्हणाली विहिरीच्या पाण्याला वास येत नाही. मी म्हटलं तुला नाही येत, राहीला येतो. नळाच्या कालच्या पाण्याची दोन पिंपं शिल्लक आहेत, ती सोमवारसाठी राखून ठेवलीत. मंगळवारची वाट बघवत नाहीये.

मंगळवार, ३ डिसेंबर

नळाच्या पाण्यात धुतलं. वास आला.

कोकिळाताई चिडत नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटतं. म्हणाल्या, "जहुराताई, तुमची मेहनत दिसते. पण मला या बायकांना आठवड्यातले अर्धे दिवस त्रास देता येणार नाही. अजून दोन मंगळवार आहेत. बघा काय करता येतं."

रात्री अरमाननी विचारलं, लाइबाच्या पासपोर्टचं काय झालं. मी म्हटलं, बघते. अब्बा जेवायला उशिरा आले. मला म्हणाले, "बेटा, मंगळवारी मी अजून काळजीनं नेईन."

सोमवार, ९ डिसेंबर

आज लाजेनं वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. पण झालं ते बरंच झालं.

माझ्या डोक्यात नलू आली. सोमवारी ती मिश्री लावते. मी तिला सरळ म्हटलं, "नलू, तुझ्या मिश्रीचा वास लागत असणार." ती पिळलेली चादर तशीच हातात धरून उभी राहिली.

"भाबी, मी मिश्री बेस्तरवारी बी लावते. मंग शुक्करवारी का न्हाय येत वास?"

"तेच तर कळत नाही."

"शुक्करवारी गाठोडं कोन नेतं?"

"तू."

"मंगलवारी?"

मी म्हटलं, "अब्बा. पण अब्बांचा काय संबंध?"

ती बसलीच. "तुमाला खरंच म्हायती न्हाय? आमची होडी धक्क्याला लागते तवा मी डोलं मिटून सांगते, इसाकचाचा वट्यावर हाय का न्हाय. सगल्या दिघीला म्हायती हाय. येक तुमच्या घरालाच म्हायती न्हाय."

मी घरात गेले. पडदा हुंगला, उशी हुंगली, अब्बांची टोपी हुंगली. मला काही आलं नाही. लाइबाला काही आलं नाही. सहा वर्षं आम्ही त्या वासातच राहतोय.

ओट्यावर जाऊन अब्बांना विचारलं, तुमच्या मनगटाचं अत्तर कपड्यांना लागत असेल का? त्यांनी मान हलवली. "लागत कसलं? मी स्वतः घालतो. शेवटच्या गाठीत खसचा, वाळ्याच्या अत्तराचा, एक फाया. जुन्या बाटलीतला, असली. केमिकलचा त्यात कण नाही. पोचलं की काढून घेतो. बीमार लेकींना रिकामं कापड पाठवायचं का? आपल्या घरची गाठ आहे ती."

इतके खुशीत सांगत होते की मी "बरं" म्हणून आत आले. मग धीर करून परत गेले आणि म्हटलं, उद्या फाया नको, त्यांना तोही सोसत नाही. त्यांचा चेहरा बंद झाला. "अत्तरानं कुणी आजारी पडल्याचं मी ऐकलं नाही," एवढंच बोलले. पण फाया घालणार नाहीत. कबूल केलंय.

म्हणजे सुटलं. उद्या मी बरोबर जाणार, ताईंना स्वतः सांगणार. झोप येत नाहीये.

मंगळवार, १० डिसेंबर

सुटलं नाही.

गाठोडं मी बांधलं. अब्बा रोजच्यासारखे तयार होऊन निघाले, मांडीवर गाठोडं. टेकडी चढून गेलो तर फाटकाशी एक मुलगी उभी. डोक्याला रुमाल, हातापायाच्या काड्या. ताई म्हणाल्या, हीच राही, मधला डोस घेऊन परत आलीय, आज गाठोडं स्वतः घ्यायचं म्हणून थांबलीय. ती हसत पुढे आली. अब्बांनी गाठोडं पुढे केलं. चार पावलांवर ती थांबली, तोंडावर हात धरला, वळली आणि कुंपणाशी वाकली.

मी तिच्याकडे धावले. वळून पाहिलं तर अब्बांनी गाठोडं पायरीवर ठेवलं होतं आणि ते मागे मागे जात होते. मग त्यांनी मान वर करून वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि फाटकाबाहेर, अंगावरचा वास तिच्याकडे जाणार नाही अशा वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहिले.

राहीनं तोंड पुसलं आणि तिथूनच म्हणाली, "सॉरी हं, आजोबा."

अब्बांनी हात जोडले. परतीच्या फेरीत ते बाकावर बसले नाहीत. टोकाला, कठड्याशी उभे राहिले.

निघतानाच ताईंनी म्हटलं होतं, "पुढचा मंगळवार शेवटचा."

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळी मशीनशी गेले तर अब्बा उभे. हातात सगळे कुर्ते, तीन टोप्या, लुंग्या, गमछा, नमाजाची चटई. "तुझ्या त्या पावडरीत घाल."

"अब्बा, तुम्ही नका त्रास घेऊ. नलू नेईल मंगळवारी."

"मशीन लाव."

दोनदा लावली. ते बेसन लावून आंघोळ करून आले. पितळी कडीची अत्तराची पेटी उचलून नलूच्या हातात दिली आणि म्हणाले, तुझ्याकडे ठेव. नलू म्हणाली, "बरं झालं चाचा. आमच्या बोंबलांना जरा चांगला शेजार."

मग परीक्षा. नलू अंगणात डोळे मिटून उभी, अब्बा वीस पावलांवर. एकेक पाऊल पुढे यायचं.

"थांबा चाचा. हाय अजून."

"दोनदा आंघोळ केली मी."

"दाढी धुतली?"

दाढी धुतली. पंधरा पावलं.

"कान."

कान धुतले. लाइबा पावलं मोजत होती आणि हसून हसून तिची मोजणी चुकत होती. दहा पावलांवर येऊन गाडं अडलं. संध्याकाळपर्यंत पुढे सरकेना. अब्बा चिडले. मी म्हटलं, असू दे. मला म्हणाले, "जहुरा, नाकाचं काम मला शिकवू नकोस."

रविवार, १५ डिसेंबर

सापडलं. घड्याळाचा पट्टा. दुबईत घेतलेलं घड्याळ, चामड्याचा पट्टा, रोज त्याच मनगटावर अत्तर. घड्याळ काढल्यावर अब्बा नलूच्या नाकापर्यंत चालत आले, तरी ती डोळे मिटून विचारते, "चाचा, निघालात का न्हाय?"

चाचा तिच्यासमोर उभे होते. टाळी वाजवली तेव्हा ती केवढी दचकली.

दुपारी जेवताना अब्बा थांबले. म्हणाले, "आमटीत कोकम जास्त झालं." खरंच झालं होतं. सहा वर्षांत त्यांनी माझ्या जेवणाला कधी नाव ठेवलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना आवडतं.

मंगळवार, १७ डिसेंबर

गाठोडं अब्बा एकटे घेऊन गेले. मी येते म्हटलं, तर नाही म्हणाले. दहाला गेले. अकरा वाजले, बारा वाजले. फोन नाही. मी लॉजच्या चादरी धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या. एकची फेरी आली, त्यात अब्बा नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं, आणि ते तिकडेच कुठेतरी बसलेत.

पावणेदोनला ताईंचा फोन.

राही फाटकाशी होती. अब्बा वाऱ्याच्या खालच्या अंगालाच थांबले. ती म्हणाली, या. ते एकेक पाऊल आले, ती उभीच. तिनं त्यांच्या हातातून गाठोडं घेतलं, तोंड त्यात खुपसलं आणि म्हणाली, "काही नाही, आजोबा."

मी विचारलं, मग अब्बा आहेत कुठे? ताई हसायला लागल्या. बारा नंबरच्या खोलीतल्या बाईला चादर चांगली असूनही मळमळत होतं. अब्बांनी दारातूनच हुंगून सांगितलं, चादर नाही, पडद्याला पूर्वीच्या धोब्याचा मोगरा आहे. पडदा काढला. मग दुसऱ्या खोलीवाल्यांनी बोलावलं, मग तिसऱ्या. फरशीचं फिनेल, एका उशीचा कापूस, कुणाच्या तरी बॅगेतला जुना सुगंधी टिश्यू. बारा खोल्या झाल्या, आता ते स्वयंपाकघरात आहेत आणि आचारी थोडा घाबरलाय.

"करार करूया," ताई म्हणाल्या. "वर्षाचा. पडदेही तुमच्याकडे. फक्त एक ओळ वाढवायची आहे. गाठोडं आणणारा माणूस बदलायचा नाही."

मी "हो" म्हटलं का तेही आठवत नाही. नलूला मिठी मारली. दोघी ओल्या चादरीत अडकून पडता पडता राहिलो.

अरमानना फोन केला, यावेळी मुद्दाम स्पीकरवर. म्हटलं, पासपोर्टचं राहू द्या. वर्षातून दोनदा तुम्हीच या, इथे काम खूप आहे. ते म्हणाले, "आणि अब्बा?" मी म्हटलं, अब्बांचं नाव करारात आहे. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बहुतेक हसण्याचाच.

शुक्रवार, २० डिसेंबर

नलूला आज उशीर झाला, बाराची फेरी चुकली; गाठोडं बांधून तिची वाट बघत होते. अब्बा मशिदीतून आले की जेवतात, म्हणून ताट झाकून ठेवलं होतं. तेवढ्यात शेजारची मुलं सांगत आली की मशिदीत सगळे इसहाकचाचांना विचारतायत, तबियत बरी आहे ना, घरात काही वाईट झालं का. जुम्म्याला अब्बा अत्तराशिवाय गेल्याचं दिघीत कुणी पाहिलेलं नाही. लोकांना काळजी वाटली.

मलाही वाईट वाटलं. अब्बा आल्यावर म्हटलं, निदान शुक्रवारी तरी लावत जा. शुक्रवारी नलू नेतेच.

त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. ताटाकडे पाहिलं नाही. गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं.

"मी त्यांना सांगितलं," अब्बा म्हणाले, "सध्या ड्युटीवर आहे."

आणि अडीचची फेरी गाठायला निघाले. चालले कसले, जवळजवळ पळालेच.

कोकिळाताईंना कळवलं, शुक्रवारचं गाठोडं यापुढे बाराऐवजी अडीचच्या फेरीनं येईल.